दत्तोपंतांचे उड्या मारणारे कोळी

निजामाच्या राजवटीतले आमच्या नांदेडच्या शाळेचे दोन मास्तर भेटले, की चहा गार झालाच म्हणून समजा. एकानं एक किस्सा काढला की दुसऱ्याला दोन आठवतात! त्यातले निम्मे दत्तोपंतांचे. पंत सायन्स शिकवायचे, तेही उर्दूतून, आणि उरलेल्या वेळात उड्या मारणारे कोळी जमवायचे. नखाएवढे, झडप घालून माशी धरणारे.

*

एकदा शिपाई गणपत बांबूला झाडू बांधून जाळी काढायला आला. पंत आडवे आले! "माझे कोळी जाळं विणतच नाहीत!"

"मग लई आळशी हायेत की, मास्तर!"

*

पंत वर्गात सांगत होते, "समोर चार डोळे, मधले दोन मोठे. बाकीचे चार बाजूला आणि मागे. मागे कशाला?"

"इन्स्पेक्टरसाहेब आले ते कळाया!"

पंतांनी वळून पाहिलं. साहेब खरंच दारात! सगळ्यात मोठ्यानं तेच हसले.

*

रेणापूरच्या एका लग्नात वरबापाच्या पागोट्यावर कोळी दिसला. पंत भर मांडवात ओरडले, "हलू नका!" मंगलाष्टकं थांबली. पंतांनी नळीत कोळी धरला. "नशीबवान आहात!"

"नशीब ऱ्हाऊ द्या, मुहूर्त चाललाय!"

*

चित्रं काढायला ड्रॉइंगचे करीमसाहेब. भिंगाखालचा कोळी सारखा त्यांच्याकडे वळायचा. "पंत, ये मेरेकूच देख रा! तस्वीर कौन किसकी उतार रा?"

अशी दोस्ती मी पुन्हा पाहिली नाही.

*

पंतांना एकाच प्रजातीतल्या दोन नव्या जाती सापडल्या होत्या. डोळ्यांची ठेवण सारखीच, पण एक काळा, पांढऱ्या मिशीचा, दुसरा मातकट. काळ्याची मादी आणि मातकटाचा नर कधी मिळाला नाही, तरी पंतांना शंका आली नाही. काळ्याला त्यांनी आपल्या गावाचं, उमरीचं, नाव दिलं. मातकटाला यमुनाबाईंचं. यमुनाबाई म्हणजे त्यांची पत्नी, त्याच साली गेलेली.

कागद कलकत्त्याच्या तज्ज्ञाकडे निघणार, त्याच दुपारी करीमसाहेबांनी सगळ्यांना खिडकीशी बोलावलं. काळा पुढचे पाय उंचावून मातकटापुढे नाचत होता!

पंतांचा चेहरा उतरला. नर आणि मादी! म्हणजे जात एकच, आणि नावही एकच राहणार. आम्हाला फार वाईट वाटलं. पंतांनी टाक उचलला आणि 'उमरी' खोडलं.

हेडमास्तर म्हणाले, "अहो पंत, त्या मिशीवाल्यालाही यमुनाच म्हणायचं?"

"मग? आमच्या घरात तिच्यापुढं कुणाचं चाललंय का!"