सोमाबाबांनी वळलेला कासरा

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण हट्टात गावात माझा हात धरणारा कोणी नाही. दर शनिवारी मारुतीचं दर्शन घेऊन मी नागभीडच्या वृद्धाश्रमात जातो आणि ज्यांच्याकडे कोणी येत नाही त्यांच्याजवळ बसतो. सगळ्यांना बोलतं केलं याचा मला गर्व होता. सोमाबाबा मात्र चार महिने भिंतीकडे तोंड करून पडलेले. पोळ्याच्या आधी आश्रम सांभाळणाऱ्या बाईंचा फोन आला, "भाऊ, बाबा दोन दिवसांपासून जेवून नाई राह्यले. डॉक्टर म्हणते, असंच राह्यलं तर जगत नाई." शनिवारी मारुतीसमोर उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, माझ्यानं होत नाही, आता तूच पाहा.

बसमध्ये शेजारी एक अनोळखी बाई बसली होती. बैलांचे दोर वळायला अंबाडीच्या सालीचा वाक लागतो, त्याचा भारा ती बाजारात नेत होती. मी उतरू लागलो तशी तिनं एक जुडी माझ्या हातात कोंबली.

"माह्याकडं आता बैल नाई, बाई."

"मंग हात तरी चालवा, भाऊ. पोळा हाय."

बस निघून गेली.

बाबांच्या खाटेच्या पायाला वाक बांधून मी कासरा वळायला बसलो. तोंडानं माझ्या जुन्या बैलजोडीची बढाई चालूच. त्या नादात दोन्ही पदर ज्या अंगाला पिळले त्याच अंगाला एकत्र वळले. हात सोडला आणि सगळा दोर उकलला.

"जोडीच्या गोष्टी सांगून राह्यला, अन् एकाच अंगाले पिळून दोर होते का रे?" सोमाबाबा उठून बसले होते. "धर तिकडून. अन् तोंड बंद ठेव."

मला असं आजवर कोणी बोललं नव्हतं. मी मुकाट्यानं टोक धरलं. अर्धा कासरा झाला आणि बाबांचे हात थरथरू लागले. "बाई, भात आन. हातात जोर नाई."

बाई ताट घेऊन धावतच आल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "पाहा भाऊ, चार महिने एक शब्द नाई, अन् आता म्हणते वरण पातळ!"

ती बसमधली बाई मला परत दिसली नाही. कोण होती, हे मी शोधत नाही. देणाऱ्यानं दिलं, मी घेतलं. कासरा पुरा झाल्यावर बाबांच्या सांगण्यावरून मी तो मारुतीला वाहिला. पुजारी म्हणाले, "कोणी वळला? एक नंबर काम हाय."

मी छाती पुढं काढून सांगितलं, "आमच्या सोमाबाबांनी. मी निस्तं टोक धरलं होतं."