टेपचं दुसरं टोक

मोरू गेल्याचं मला कळलं तेव्हा मी उमेळ्याच्या नाक्यावर खडीच्या गाडीवाल्याशी हुज्जत घालत होतो. मोरूच्या बायकोचा, सुलभावहिनींचा फोन होता. "बाळूभावजी, हे गेले..." एवढंच. गाडीवाला भावावर अडून बसला होता, त्याला मी मुकाट्याने हो म्हणून टाकलं. आज महिना झाला, तरी वाटतं, हा मागून येईल आणि म्हणेल, "बाळ्या, टोक धर."

हे त्याचं नेहमीचं वाक्य. नंदाखालच्या शाळेत आम्ही एका बाकावर शिकलो. तो सरकारी बांधकाम खात्यात अभियंता झाला आणि मी ठेकेदार, म्हणजे त्याच्या डोक्याला ताप. गटार असो की रस्ता, टेपचं एक टोक तो धरायचा, दुसरं ठेकेदाराला धरायला लावायचा, दोघांनी आकडा मोठ्याने म्हणायचा आणि मगच तो मोजमाप पुस्तकात चढायचा. ठेकेदाराचं बिल त्या पुस्तकावरच निघतं. भर उन्हात मी वैतागायचो, "अरे, तुझ्या खिशातले जातायत का?" तो शांतपणे म्हणायचा, "निर्मळची फुलवाली काडेपेटी घेते ना, त्यातनं पन सरकारला पैसे जातात. तिला कोन विचारतंय?" साहेब लोक नाराज, ठेकेदारांचं तर विचारूच नका... पाठीमागे मीही त्याला 'टेपमास्तर' म्हणायचो. बढती त्याला उशिराच मिळाली.

एकदाच त्याने टेप काढला नाही. वहिनींचं ऑपरेशन होतं आणि बिल पाठवायचा शेवटचा दिवस. काम उमेळ्यातल्या गटाराचं. इस्पितळातून त्याने फोन केला. "ऐंशी मीटर ना?" मी म्हणालो, "ऐंशी." "तू सांगतोस म्हंजे असंल," म्हणून त्याने लिहिलं. होतं चौऱ्याहत्तर. उरलेलं दिवाळीनंतर करू असं मी ठरवलं होतं. मग कितीतरी दिवाळ्या आल्या नि गेल्या. पावसाळ्यात गटार संपतं तिथून पाणी वळून एका म्हातारीच्या मोगऱ्यात शिरतं. मी स्कूटर दुसऱ्या रस्त्याने न्यायचो, आणि मोरूकडे बसून चहा मात्र खुशाल प्यायचो. याची मला लाज वाटते.

बाराव्याला वहिनींनी त्याचा टेप माझ्या हातात ठेवला. हात लागून लागून डबी गुळगुळीत झालेली. "आजारी पडायच्या आदल्या दिवशी उमेळ्याला गेले होते," वहिनी म्हणाल्या. "आल्यावर जेवले नाहीत. म्हणाले, बाळ्याला बोलवायला पाहिजे, त्याचं टोक धरायचं राहिलंय." वहिनींना त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

गेल्या आठवड्यात खात्यात जाऊन मी अर्ज दिला, की गटार कमी बांधून बिल पूर्ण घेतलंय, उरलेलं स्वखर्चाने बांधून देतो, पुढे जी कारवाई व्हायची ती होऊ दे. टेबलापलीकडची तरुण अभियंता गोंधळली, मग चांगुलपणाने पेन उघडून म्हणाली, "काका, किती कमी आहे ते सांगा, मी लिहून घेते."

मी खिशातून मोरूचा टेप काढून तिच्या पुढ्यात ठेवला.

"माझ्या सांगण्यावर लिहू नका, ताई. चला, टोक धरा."