निशिकांत सरांच्या बरण्या

निशिकांत सरांचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नाही. सिंगापुरातल्या हौगांगच्या फ्लॅटला त्यांनी तीन कुलपं लावली आहेत, आणि हॉकर सेंटरमध्ये, त्या खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत, कॉफी आणायला उठले तरी पिशवी काखेत असते. बुओना व्हिस्टाच्या आमच्या प्रयोगशाळेत तर ते मला सिंकमध्ये हातसुद्धा धुऊ देत नाहीत. समुद्रातून काढलेली जुनी नाणी आम्ही दोघं साफ करतो. नाणं धुतलेलं गढूळ पाणीही फेकायचं नाही, बरणीत भरायचं, झाकणावर तारीख आणि धुणाऱ्याचं नाव लिहायचं, हा त्यांचा नियम. "पाण्यातून काय काय जातं, तुला कल्पना नाही, रुपाली," असं म्हणतात. कपाटभर बरण्या बघून मला हसू यायचं.

मार्चमध्ये एका बुडालेल्या स्पॅनिश जहाजातला चांदीच्या नाण्यांचा गोळा आला. शेकडो वर्षं खाऱ्या पाण्यात राहून नाणी एकमेकांना चिकटली होती. एक्स-रेमध्ये तेवीस चकत्या दिसल्या. दोन आठवडे खपून आम्ही गोळा सोडवला. नाणी निघाली बावीस.

सरांनी दार लावून घेतलं. "पर्स उलटी कर."

केली. मग त्यांनी माझा डबा उघडला आणि चमच्याने मटकीची उसळ ढवळून पाहिली. नोकरीच्या चौदा वर्षांत माझा असा अपमान कुणी केला नव्हता.

"सोमवारी मालकांना कळवतो," एवढंच ते बोलले.

नोकरी गेली की इथला कामाचा पास रद्द, आणि पास गेला की जान्हवीची शाळा अर्ध्यावर टाकून महिन्याभरात सिंगापूर सोडायचं. घरी लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "मम्मा, ही टूक इट लाह! त्यांनीच घेतलंय!" मला झोप लागेना. खरंच, माणसाला तीन कुलपं लागतात कशाला? शनिवार-रविवार मी मनातल्या मनात सरांच्या फ्लॅटची झडती घेतली.

सोमवारी लवकर जाऊन एक्स-रे पुन्हा पाहिला. अगदी बाहेरच्या कडेची एक चकती बाकीच्यांपेक्षा फिकट होती. कडेच्या नाण्याची चांदी समुद्र कधीकधी पुरती खाऊन टाकतो. मागे उरते नाण्याच्या आकाराची काळी राख, ब्रश लागला की विस्कटणारी. ती कड धुतली कुणी होती?

सर आल्यावर त्यांच्यासमोरच ती कड सुटली त्या तारखेची बरणी काढली आणि पाणी गाळलं. कागदावर काळा चुरा राहिला. त्यात नखाएवढी एक खपली होती, आणि खपलीवर स्पॅनिश नाण्यावरच्या क्रूसाचा एक हात. झाकणावर नाव होतं, निशिकांत.

त्यांनी झाकण उजेडात धरलं. "अक्षर माझंच आहे ना?"

"तुमचंच."

"का तू झाकण बदल..." पुढचं त्यांनी गिळलं. खुर्चीत बसले, मालकांसाठी लिहिलेलं पत्र फाडलं आणि नवं लिहिलं. "तेविसावं नाणं माझ्याच हातून धुऊन गेलं," असं. मला वाचून दाखवलं. माफी मागणं त्यांना जमत नाही, आणि मलाही ती एवढ्यात द्यायची नव्हती.

संध्याकाळी निघताना त्यांनी स्वतःचा डबा उघडला आणि माझ्यापुढे धरला. त्यात दुपारची भेंडी उरली होती. मी चमचा घेतला आणि तळापर्यंत ढवळून पाहिलं.