शंभर बटणांचा पंप

मोजणीबाईंना घरी चहाला बोलावणं हे जरा जोखमीचं काम होतं. कप हातात दिला की त्या तो आधी उचलून खालून बघत. कुठे बनलाय ते तिथे लिहिलेलं असतं म्हणून. कप भरलेला आहे की रिकामा, ही बारीकसारीक गोष्ट त्यांच्या लक्षात यायची नाही. नणंदेच्या कोऱ्या सोफ्यावर अर्धा कप असाच सांडला. नणंद तोंड उघडायच्या आत बाई खूश होऊन म्हणाल्या, "कप बाहेरचा आहे गं, पण सोफ्याचं कापड इथलंच! बघ कसा चहा पिऊन टाकला पटकन." यावर हसावं की बाईंना दारापर्यंत पोचवावं, हे नणंदेला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यांचं खरं नाव फक्त हजेरीच्या वहीत होतं. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात त्या तेवीस वर्षं स्टोअर सांभाळत होत्या. आलेला माल मोजून घ्यायचा, गेलेला मोजून द्यायचा. मोजताना त्यांचे ओठ हलत, आणि ओठ हलत असताना कुणी हाक मारली तर त्या हात वर करून त्याला जागच्या जागी थांबवत. एकदा थोरले मालक स्वतः सात मिनिटं तसे उभे राहिले होते. तेव्हापासून त्या मोजणीबाई.

थोरले मालक आता घरी असत. कारखाना धाकटे मालक बघत. त्यांना कुठलंही वाक्य शांतपणे संपवता येत नसे. शेवटी "म्हणजे झालंच!" आलंच पाहिजे. एका सकाळी ते स्टोअरमध्ये धावतच आले. "बाई, सहाशे शाळांना पंप! सरकारी मागणी! आपल्याला मिळाली म्हणजे झालंच!"

"आणि नाही मिळाली तर?"

धाकटे मालक एकदम हळू आवाजात म्हणाले, "तर एक तारखेपासून मागची शेड बंद करावी लागेल."

मागच्या शेडमध्ये बावीस बायका पंप जोडायच्या. प्रत्येकीला स्क्रू कसा धरायचा इथपासून मोजणीबाईंनीच शिकवलेलं. 

मागणीला अट एकच होती. पंपाचे शंभरातले निदान साठ वाटे तरी देशात बनलेले हवेत. मोजायला खात्याच्या मॅडम येणार होत्या.

"साठ? आपला तर ऐंशीच्या पुढे जाईल!" धाकटे मालक बोटांवर मोजत म्हणाले. "पंपात भाग किती? एकशे सोळा. त्यातले इथले किती? ब्याण्णव. म्हणजे झालंच!"

"मालक, त्या ब्याण्णवात एकसष्ट तर स्क्रू आणि वॉशर आहेत," बाई म्हणाल्या. "असं नुसतं नग मोजून चालतं होय?"

त्यांनी स्टोअरच्या टेबलावर जुनी चादर अंथरली, एक पंप पार सुटा करून त्यावर मांडला आणि लेकीच्या शिवणाच्या डब्यातून शंभर बटणं आणली. पांढरी इथल्या मालाची, काळी बाहेरच्या. एका पंपाला जो खर्च येतो त्याचे शंभर वाटे, एका वाट्याला एक बटण. एकसष्ट स्क्रू-वॉशरांसमोर त्यांनी पांढरं बटण ठेवलं. एकच. मोटारीत गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेसमोर काळी ठेवली. चौदा.

"चौदा? एवढ्याशा तारेला?" धाकटे मालक खुर्चीवर बसले ते बसलेच.

दोन दिवसांनी मॅडम आल्या. मोजणीबाईंच्या लेकीपेक्षाही लहान, पाठीला सॅक, आणि तोंडात एकच शब्द. चादर बघून त्यांना हसू आलं, पण स्वतःचा तक्ता उघडून त्या बटणांसमोर बसल्या.

"पंपाची बॉडी?"

"पलीकडच्या गल्लीतल्या भट्टीत ओतलेली. एकवीस पांढरी," बाई म्हणाल्या.

"कागद?"

बाईंनी भट्टीवाल्याचा कागद दिला.

"दांडा?"

"लेथवाल्याकडचा. आठ पांढरी."

"कागद?"

आतला पंखा सहा, रंग आणि खोकं मिळून चार, स्क्रूंचं ते एक, कामगारांची मजुरी सतरा. प्रत्येक वेळी "कागद?" आणि प्रत्येक वेळी कागद. मागच्या शेडमधल्या बायका खिडकीत गर्दी करून बघत होत्या, आणि त्यातली एक प्रत्येक भागानंतर मॅडमच्या आधीच "कागद?" असं बारीक आवाजात म्हणत होती. मग बाहेरचा माल आला. तार चौदा, पत्रा तेरा, बेअरिंग नऊ, कपॅसिटर तीन.

"आणि हे सील?" मॅडमनी बोटभर वस्तू उचलली. रबराची टोपी, स्प्रिंग आणि एक काळी गुळगुळीत कडी. दांडा फिरताना पाणी मोटारीत जाऊ नये म्हणून बसवतात ती.

पंपांच्या जोडणीवर देखरेख करणारे फोरमनकाका पुढे सरसावले. ते बोलायच्या आधी नाकातून हवा सोडत, ट्रकचा ब्रेक लागल्यासारखी. "फुस्स! मी सांगतो तुम्हाला. हे सील म्हणजे अस्सल बाहेरचं. निळ्या डब्यातलं. चौदा वर्षं हेच लावतोय, एक थेंब गळेल तर शपथ! असलं रबर आपल्याकडे व्हायला अजून दोन जन्म लागतील."

मॅडमनी चार काळी बटणं ठेवली.

"याचा कागद नको?" बाईंनी विचारलं.

"बाहेरचं म्हटलं की आम्ही लगेच मान्य करतो," मॅडम म्हणाल्या. "इथलं म्हटलं की पुरावा लागतो."

पांढरी बटणं मोजली. सत्तावन्न. बाईंनी पुन्हा मोजली, ओठ हलवत, हात वर करून. सत्तावन्नच. खिडकीतल्या बायका एकेक करून खाली उतरल्या.

"मी उद्या चारपर्यंत गावात आहे," मॅडम सॅक उचलत म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटलेलं दिसत होतं. "काही सुटलं असेल तर दाखवा. पण कागदासकट."

संध्याकाळी बाई घरी न जाता मामांकडे गेल्या. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. बाजारामागच्या गल्लीत त्यांचा रबराचा छोटा कारखाना होता. एक खोली, दोन गरम प्रेस, तीन कामगार. पाइपाची वॉशरं, कुकरच्या रिंगा, खुर्चीच्या पायांची बुटं असलं काहीबाही बनायचं. चाळीस वर्षं प्रेसच्या आवाजात काढल्यामुळे मामांना हळू बोलता येतच नसे. ते कानात कुजबुजले तरी समोरचा पानवाला हूं म्हणायचा.

"तोंड का उतरलंय गं पोरी?" मामांनी गल्लीभर विचारलं.

बाईंनी सगळं सांगितलं. "तीन कमी पडले, मामा. मी रात्रीचा दिवस करून कागद गोळा केले. आणि अडलं कुठे, तर त्या मेल्या निळ्या डब्यातल्या सीलवर. चार बटणं! ते एक इथलं असतं ना, तर बावीस जणींच्या पोटावर पाय आला नसता."

मामांना ठसका लागला. चहा नाकात गेला. प्रेसवरचा कामगार उगाचच छताकडे बघू लागला.

"मामा?"

"काही नाही, काही नाही."

"मामा, माझ्याकडे बघा."

मामांनी बाईंकडे सोडून सगळीकडे बघितलं. मग आतल्या खोलीत गेले आणि एक पत्र्याची पेटी ओढत आणली. आत सीलंच सीलं. आणि शेजारी निळ्या डब्यांची चळत, अजून घडी न उघडलेली.

 बाईंचे ओठ हलू लागले. सवयीने डबे मोजत होत्या.

"चौदा वर्षांपूर्वी मी हेच सील घेऊन तुमच्या थोरल्या मालकांकडे आलो होतो," मामा म्हणाले, आणि समोर पानवाल्याने कात्री खाली ठेवली. "हात नाही लावला त्यांनी. म्हणाले, 'इथलं सील? मग पंपाखाली बादली पण तुम्हीच द्या.' तुझा तो फोरमन तर नाकातून कसला आवाज काढत हसला! मग बाजारातला व्यापारी म्हणाला, मामा, माल झकास आहे, तोंड बदला. त्याने डबा छापला. त्यावरची भाषा कुठल्याच देशाची नाही, छापखान्यातल्या पोरांनी अक्षरं जुळवली नुसती. आठ दिवसांत तुमच्याकडूनच मागणी आली!"

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुला? तू खोटं बोलतेस का कधी? दुसऱ्या दिवशी वहीत लिहून मोकळी झाली असतीस." मामांनी कपाळावरचा घाम पुसला. "आता सांगितलं तर काय होईल? इथलं आहे म्हटल्यावर तो फोरमन उद्याच ते भंगारात टाकेल. मग मी काय करू, खुर्चीला बुटं घालत बसू?"

बाई उठल्या. "मामा, चौदा वर्षं एक थेंब गळला नाही हे तोच सांगत फिरतोय. आता त्याला शब्द मागे घेता यायचा नाही. सकाळी प्रेस गरम ठेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एवढ्याशा खोलीत मॅडम, धाकटे मालक आणि फोरमनकाका दाटीवाटीने उभे होते. गल्लीत कुणालाच काही सांगावं लागलं नव्हतं. काल संध्याकाळीच सगळ्यांनी सगळं ऐकलेलं. पानवाला दुकान सोडून दारात येऊन उभा होता.

"फुस्स!" फोरमनकाका म्हणाले. "मी सांगतो तुम्हाला, मामा चेष्टा करतायत. मी सील नुसत्या बोटाने ओळखतो."

मामांनी काळ्या रबराचा गोळा साच्यात टाकला, प्रेस दाबला, घड्याळाकडे बघत थांबले आणि वाफाळती टोपी चिमट्याने बाहेर काढली. कडा कापल्या, स्प्रिंग घातली, कडी बसवली. मग निळ्या डब्यातलं एक सील शेजारी ठेवून म्हणाले, "घ्या. बोटाने ओळखा."

फोरमनकाकांनी डोळे मिटून दोन्ही चाचपली. उलटी केली, वास घेतला. एक तर चक्क कानाला लावलं.

"हे," ते ठामपणे म्हणाले, "हे बाहेरचं. यात बात आहे!"

"अहो, ते अजून गरम आहे!" धाकटे मालक किंचाळले.

खोलीत जो हशा उठला त्यात प्रेसचा आवाजही बुडाला. फोरमनकाका आधी लाल झाले, मग त्यांनी तेच सील खिशात टाकलं आणि कुणाशी न बोलता तडक कारखान्यात गेले. सगळे त्यांच्या मागे. त्यांनी स्वतःच्या हाताने ते पंपात बसवलं, पंप सुरू केला आणि खाली पांढरा कागद ठेवून उकिडवे बसले. दोन तास. चहा आला, तोही तिथेच बसून घेतला. शेवटी त्यांनी कोरडा कागद उचलून मामांसमोर धरला.

"नाही गळत," ते म्हणाले. मग, नाकातून कसलाही आवाज न काढता, "मामा, तेव्हा हसलो होतो. चुकलंच माझं."

"कागद," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी तो कोरडा कागद स्वतःच्या फायलीत लावला.

तोवर धाकट्या मालकांनी चारही काळी बटणं उचलली होती. "सत्तावन्न आणि चार, एकसष्ट! म्हणजे झा—"

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "सीलसुद्धा उघडून बघावं लागेल. मामा, रबर?"

"इथल्याच मळ्यातलं. हा कागद."

"स्प्रिंग?"

"मागच्या गल्लीतला तारवाला. हा कागद."

"ही काळी कडी?"

मामांची मान खाली गेली. ते काहीतरी बोलले, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं बोलणं कुणाला ऐकू आलं नाही.

"ती बाहेरून येते," मोजणीबाईंनीच सांगून टाकलं. धाकटे मालक त्यांच्याकडे असे बघत राहिले की जणू बाईंनी पंपच पायावर टाकला.

मॅडमनी बिलं बघितली, पेन्सिलीने आकडे मांडले आणि एक काळं बटण चादरीवर परत ठेवलं. मग तीन पांढरी. बाईंनी हात वर केला. सगळे जागच्या जागी थांबले. खिडकीत बावीस डोकी होती, आणि त्यातलं एकही हलत नव्हतं.

"अठ्ठावन्न," बाई म्हणाल्या. "एकोणसाठ." आणि शेवटच्या बटणावर त्यांचं बोट टेकतंय, तोच तो आकडा खिडकीतूनच ओरडला गेला, बावीस तोंडांनी.

मॅडम म्हणाल्या, "साठ लागतात, साठ आहेत. झालं!" धाकट्या मालकांचा शब्दच त्यांनी पळवला होता, पण मालकांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते फोरमनकाकांना मिठी मारून गोल फिरत होते. मागच्या शेडमध्ये कुणीतरी पत्र्याचा ट्रे वाजवायला घेतला, कुणी खोक्यावर चढून नाचायला लागली. मॅडमनी तक्ता पुढे सरकवला. सीलसमोरच्या 'निर्माता' या रकान्यात मामांनी सही करायची होती. चौदा वर्षांत त्या मालावर त्यांचं नाव कधी लागलंच नव्हतं. त्यांनी ते फार सावकाश लिहिलं, एकेक अक्षर कोरून, आणि शेवटी खाली एक रेघ ओढली. मग जरा थांबून आणखी एक ओढली.

मोजणीबाई मात्र चादरीपाशीच होत्या. त्यांनी सीलसमोरचं ते एकुलतं एक काळं बटण बाजूला सारलं आणि कडी उचलून उजेडात धरली. खालून बघितली.

"मामा," त्या म्हणाल्या, "ही तेवढी राहिली."

"माझ्याकडे बघू नकोस!" मामा गरजले. त्यांचा आवाज परत आला होता. "वय झालंय माझं. कोळशाची भुकटी दाबून करतात ती, तिला भट्टी वेगळी, साचा वेगळा. आपलं काम नाही ते. विषय बंद!"

"बरं," म्हणून बाईंनी कडी त्यांच्या हातावर ठेवली आणि बायकांना खोक्यांवरून खाली उतरवायला निघाल्या.

त्या दारापर्यंत पोचल्या नसतील, तोच मागून हाक आली. सगळ्या कारखान्याला ऐकू गेली.

"पोरी, ऐक गं! कोळसा कुठला वापरत असतील ते?"