तिसरा गिअर

त्या नवरा-बायकोचं नाव मी विचारलं नाही. आता विचारायला तोंड नाही.

हमरापुरातून गणपतीची मूर्ती रोह्याला आणत होतो. टेम्पोचा मालक आमच्या मंडळातलाच. ड्रायव्हरचा डावा हात मांडीवर निपचित पडलेला, वर रुमाल. शेजारी त्याची बायको, तिच्या पलीकडे मी. तो क्लच दाबून नुसता "तिसरा गो" म्हणायचा, की ती गिअर टाकायची. मागे मूर्ती जराही हलत नव्हती.

मला जुन्या मोटारींचं वेड. म्हटलं, "फ्रान्सच्या एका कंपनीची गाडी अशीच होती. ड्रायव्हर मागे, पाहुणा पुढे. गिअर बदलायचा तर पाहुण्यानेच इंजिनाचा पट्टा सरकवायचा! थोडी वर्षं चालली कंपनी, मग बंद."

"म्हंजे तिकडं पन दोघं लागायची," ती लाजून हसली.

मी त्यांचा व्हिडिओ काढून लगेच मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आपली फ्रेंच गाडी.'

कोलाडला चहा पिताना तो हळूच म्हणाला, "व्हिडिओ कुनाला दाखवू नका, दादा. मालकाला वाटतंय, हात बरा झाला हाय."

"छे, नाही दाखवत."

खिशात फोन एकसारखा थरथरत होता.