गॅलरीत मंजूर झालेलं पान

आमच्या लालबागच्या चाळीत नोटीस असो की पत्रक, गॅलरीत मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय बाहेर जात नाही. मी पत्रकं लिहायला तिथेच शिकले. चाळीच्या समितीची वेबसाइटही मीच पीएचपीच्या एका फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, बांधली आणि तिलाही तोच नियम लावला.

पुनर्विकासाच्या सुनावणीची जागा सोमवारी अचानक बदलली. परळऐवजी शिवडी. जो गैरहजर, त्याची हरकत नाही असं धरणार. केवढा हा माज! मी सोमवारीच वेबसाइटवरच्या सुनावणीच्या पानाचा साचा, म्हणजे टेम्प्लेटची फाइल, लॅपटॉपवर दुरुस्त केला. बुधवारी तो गॅलरीत वाचला, मंजूर झाला, झिप करून सर्व्हरवर चढवला. पान उघडलं, तर परळच! आणि सुनावणी दुसऱ्या दिवशी सकाळी.

"माका परळाक धाडतंस काय गो?" समितीचे सेक्रेटरी मोबाइल नाचवत म्हणाले. निवृत्त गिरणी कामगार, पत्रकातले माझे गुरू.

वेबसाइटची कामं करणाऱ्या एका कन्सल्टंटला फोन लावला. तो म्हणाला, "आधी मिटिंगा कमी करा, मॅडम. अख्ख्या चाळीला विचारून साइट चालते का?"

फोन ठेवला. गेला खड्ड्यात! स्वतःच शोधायला बसले.

पान पटकन उघडावं म्हणून फ्रेमवर्क साच्याची एक तयार प्रत जपून ठेवतं. साचा त्या प्रतीपेक्षा नवा असेल, तरच नवी प्रत बनवतं. मी प्रतींचा फोल्डर उघडला. प्रत मंगळवारची. त्या दिवशी मीच कॅशे, म्हणजे या प्रतींचा साठा, साफ केली होती आणि जुन्याच मजकुराची प्रत पुन्हा तयार झाली होती. झिप फाइलची मूळ तारीख जपते, त्यामुळे तिच्यातून आलेल्या साच्यावर मात्र तारीख सोमवारची. मंजुरीसाठी तो दोन दिवस थांबला होता, हे सर्व्हरला काय ठाऊक? त्याच्या लेखी साचा जुना, प्रत नवी.

प्रती पुसायची कमांड दिली. पान उघडलं. शिवडी!

"मगे नियम सोडूचो काय?" सेक्रेटरींनी विचारलं.

"अजिबात नाही, काका. पान चढवलं की जुन्या प्रती पुसायच्या, एवढं वाढवायचं."

"मगे तां पण गॅलरीत वाचून दाखय."

दाखवलं. कॅशे म्हणजे काय हे कोणाला कळलं देव जाणे, पण तीन शंका आल्या, मग हात वर झाले.

गुरुवारी शिवडीच्या कार्यालयात खुर्च्या कमी पडल्या. अधिकारी एकेक खोली पुकारत गेला, एकही नंबर रिकामा गेला नाही. मी भिंतीला टेकून ऐकत होते, छाती फुगवून. लाज कसली? सेक्रेटरींची खोली शेवटची.

"हजर," ते उठून म्हणाले. "आणि हरकत आसा. लिवन घेवा."