आवाज न करणारा पंखा

किर्गिझस्तानातल्या नारीन शहरात लग्नाच्या फिल्म बनवणारा सागिनबेक आणि त्याचा मुलगा इल्गिज यांच्यात एकच जुना कॉम्प्युटर होता. बापाचं एडिटिंग आटपलं की पोरगा गेम खेळायला बसायचा. मग त्याचा पंखा घरघरायला लागला की भिंतीपलीकडून बाप ओरडायचा, "बंद कर ती पिठाची गिरणी! काल तिच्यापायी नवरीचं रडणंसुद्धा ऐकू आलं नाही."

"लग्नातलं रडणं न ऐकलेलंच बरं, बाबा!"

शेवटी दोघांनी एकेक भाग निवडून नवा कॉम्प्युटर बांधायला घेतला. पोराच्या हट्टाने तगडं ग्राफिक्स कार्ड आलं, बापाच्या हट्टाने भरपूर मेमरी. पंखा तेवढा राहिला होता. "अगदी मुका आणतो," असं म्हणून इल्गिज बिश्केकला निघाला आणि घाटात त्याची गाडी दरीत गेली.

तो गेल्यावर चाळिसाव्या दिवशी रिवाजाप्रमाणे त्याच्या वस्तू नातेवाइकांत वाटून टाकल्या. ती जुनी गिरणीही भाच्याकडे गेली.

पुढे लग्नसराई आली. काम तर करायलाच हवं होतं. सागिनबेक त्याच घाटातून बिश्केकच्या दुकानात आला. दुकानदारीण गुलसानाने एक पंखा लावून दाखवला आणि थोरल्या माणसाला म्हणतात तसं 'बाइके' म्हणत सांगितलं,

"बाइके, कान लावून बघा. चालू आहे की बंद, कळायचंही नाही."

सागिनबेकने खरंच कान लावला आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला.

"आवाज करणारा नाही का गं एखादा?"

"थट्टा करता होय, बाइके? तसला कोण घेतो?"

"भिंतीपलीकडे ऐकू जाईल असा दे," तो म्हणाला. "पोराची आई दिवसभर भिंतीला कान लावून बसलेली असते."